ओरिजेनचे लघुलेखक

मी तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होतो. म्हणूनच प्राचीन ख्रिस्ती भाष्यकार ओरिजेनची हकिकत वाचताना माझी नजर आधी त्याच्या लेखनिकांवर गेली. चर्चचा इतिहासकार युसेबियस सांगतो, की ओरिजेन मजकूर सांगू लागला की सातहून अधिक लघुलेखक ठरल्या वेळी आळीपाळीने तो टिपून घेत. शिवाय तितकेच नकलनवीस, आणि सुंदर अक्षर शिकलेल्या मुली. खर्च सारा अ‍ॅम्ब्रोज या धनिक स्नेह्याचा. सांगणारा थांबत नाही आणि मनगट भरून येतं, तेव्हा शेजारचा तयार असणं म्हणजे काय, हे मला पुरतं ठाऊक आहे.

ओरिजेन अलेक्झांड्रियाचा. इ.स. २०२च्या सुमारास वडील धर्मासाठी मारले गेले; पुढे तो कैसरियात राहिला. शास्त्रवचनाला देह, जीव आणि आत्मा असतो, म्हणजे शब्दार्थाखाली आणखी खोल अर्थ असतात, असं तो मानी. पलिष्ट्यांनी मातीने बुजवलेल्या विहिरी इसहाकाने पुन्हा खणल्या, ही बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातली कथा. बुजवणारे म्हणजे वचनाचा निव्वळ ऐहिक अर्थ लावणारे, असं ओरिजेन म्हणे. आणि तशी विहीर प्रत्येकाच्या आत आहे, तीही उपसायची. हे मला फार जवळचं वाटतं.

बायबलमधल्या गीतरत्न या प्रेमकाव्यावर त्याने भाष्याचे दहा भाग सांगितले. त्या काव्यातली वधू म्हणजे ख्रिस्ती मंडळी, आणि एकटा जीवही. ग्रीक मूळ बहुतेक हरवलं. रुफिनसने केलेल्या लॅटिन भाषांतरामुळे सुरुवातीचे भाग वाचायला मिळतात. अक्षर काढणाऱ्या त्या मुलींची नावं युसेबियसने दिलेली नाहीत.