पुढचा सोमवार कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टेनिसचा आठवडा सोमवारी सुरू होतो. दर सोमवारी जगभरात कितीतरी व्यावसायिक स्पर्धांचा प्रारंभ होतो आणि त्यांतल्या एक-दोनच आपल्या वर्तमानपत्रापर्यंत पोहोचतात. पहिल्या दहातल्या खेळाडूने कुठे खेळायचे, हे जवळजवळ वर्षभर आधी ठरलेले असते. पण क्रमवारीत तीनशेवा किंवा सहाशेवा असलेला खेळाडू महिन्याभराने कोणत्या देशात असेल, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. तो हॉटेलच्या खोलीत बसून आकडेमोड करत असतो. आज मी या आकडेमोडीचा इतिहास सांगणार आहे. पुरुषांच्या टेनिसपुरतेच बोलतो. पण महिलांची गोष्टही फार वेगळी नाही.

आधी शिडी समजून घेऊ. सगळ्यांत खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा. तिथे विजेत्याला १५ किंवा २५ गुण मिळतात. त्यांच्यावर चॅलेंजर स्पर्धा. ५० पासून १७५ गुणांपर्यंत. त्यांच्यावर एटीपीच्या २५०, ५०० आणि १००० गुणांच्या स्पर्धा, आणि माथ्यावर २००० गुणांच्या चार ग्रँड स्लॅम. मिळवलेला गुण ५२ आठवडे टिकतो, मग गळून पडतो. या गुणांवर क्रमवारी आणि क्रमवारीवर पुढच्या स्पर्धेतला प्रवेश, असे हे चक्र आहे.

पैशांचे अंतर याहून मोठे. १५ हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. याउलट २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये पात्रता फेरीचा पहिलाच सामना हरून घरी जाणाऱ्यालाही २५ हजार डॉलर मिळाले. म्हणजे खालच्या पायरीवर अकरा स्पर्धा जिंकूनही जे हाती लागत नाही, ते वर एकदा हरून मिळते. प्रश्न एवढाच, की तिथे हरण्यापुरते तरी पोहोचायचे कसे?

एके काळी याचे उत्तर ओळखीपाळखीत होते. १९६८ मध्ये व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंमधली भिंत पडली, तरी कोणाला खेळवायचे हे मुख्यतः संयोजकच ठरवत. नाव मोठे असेल तर दार उघडे. नाव नसेल तर आपल्या देशाच्या संघटनेने शब्द टाकावा लागे. १९७२ मध्ये एटीपी ही खेळाडूंची संघटना स्थापन झाली आणि २३ ऑगस्ट १९७३ रोजी तिने संगणकावर काढलेली पहिली क्रमवारी जाहीर केली. रुमानियाचा इली नास्तासे पहिला आला. आपण ती तारीख पहिल्या क्रमांकासाठी लक्षात ठेवतो. मला मात्र वाटते, की तिचा खरा लाभ नास्तासेला झाला नाही. त्याला दारे उघडीच होती. लाभ झाला तो यादीत पार खाली असलेल्यांचा. आता शिफारशीऐवजी आकडा दाखवून आत जाता येऊ लागले.

पण आकडा आला की आकड्याचे डावपेचही आले. त्या वेळी क्रमवारी सरासरीवर काढत. वर्षभरातले गुण जितक्या स्पर्धा खेळलात तितक्यांनी भागायचे. भाजक किमान १२. समजा, एखाद्याने १२ स्पर्धांत ६० गुण मिळवले. सरासरी झाली ५. त्याने आणखी तीन स्पर्धा खेळून तिन्हींत पहिल्याच फेरीत हार खाल्ली, तर सरासरी उतरली ४ वर. म्हणजे मोठ्या स्पर्धेत जाऊन दणका खाणे महागात पडायचे. बेताच्या खेळाडूने जपून पावले टाकावीत, अंगात कणकण असेल तर घरी बसावे, असे ते गणित सांगत होते.

१९८८ मध्ये अमेरिकन ओपनच्या वेळी एटीपीने मैदानाबाहेर, वाहनतळावर उभे राहून पत्रकार परिषद घेतली आणि खेळाडूच आपला दौरा चालवतील असे जाहीर केले. १९९० मध्ये तो एटीपी टूर सुरू झाला आणि सोबत मोजणीही बदलली. सरासरी गेली, वर्षातले सर्वोत्तम १४ निकाल धरायचे ठरले. पुढे २००० मध्ये ते १८ झाले. वाचायला हा कारकुनी बदल वाटतो. पण त्याने हरण्याची किंमत शून्य केली. वाईट निकाल आपोआप गळू लागला. मग घरी बसण्यात अर्थ उरला नाही. जो जास्त आठवडे खेळेल, त्याला चांगले निकाल निवडायला जास्त वाव. खेळाडूच्या बॅगा कायमच्या भरलेल्या राहू लागल्या आणि ज्याच्याजवळ विमानाच्या तिकिटांना पैसे होते, तो पुढे सरकू लागला.

तळाच्या पायऱ्याही याच काळात बदलल्या. चॅलेंजर स्पर्धा १९७८ पासून होत्या. त्यांच्याखाली होती सॅटेलाइट सर्किट्स. एकाच देशात सलग चार आठवडे खेळायचे आणि शेवटी हिशोब व्हायचा. मध्येच सोडून गेलात तर आधीच्या आठवड्यांची मेहनत पाण्यात. भारतातही अशी सर्किट्स होत. १९९८ मध्ये आयटीएफने फ्युचर्स नावाच्या एका आठवड्याच्या स्पर्धा सुरू केल्या आणि काही वर्षांत, २००६ नंतर, सॅटेलाइट बंद पडली. आता दर आठवडा सुटा झाला. स्वातंत्र्य मिळाले, पण दर आठवड्याला नवा निर्णयही गळ्यात पडला.

हा निर्णय कसा घेतात, ते पाहा. आयटीएफच्या स्पर्धेची प्रवेशिका सुमारे अडीच आठवडे आधी भरावी लागते. एकाच आठवड्यातल्या अनेक स्पर्धांना पसंतीक्रम लावून नाव देता येते, अगदी अकरावीच्या प्रवेश अर्जासारखे. मग यादी लागते. कोण नाव मागे घेतो, राखीव यादीतून आपला नंबर किती वर सरकतो, हे पाहत बसायचे. तोवर तिकीट महाग होते. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचा घोर वेगळा. जिंकण्याचाही त्रास होतो. शनिवारी एका गावात उपांत्य सामना खेळणारा रविवारी दुसऱ्या गावातली पात्रता फेरी खेळू शकत नाही. त्यासाठी 'स्पेशल एक्झेम्प्ट' नावाची राखीव जागा असते. पण ती मिळेलच असे नाही.

मग काही जण एकाच जागी मुक्काम ठोकतात. तुर्कस्तानात अंताल्या, इजिप्तमध्ये शर्म अल-शेख, ट्युनिशियात मोनास्तिर इथल्या रिसॉर्टमध्ये आठवड्यामागून आठवडे १५ गुणांच्या स्पर्धा होत आल्या आहेत. विमानखर्च एकदाच. हारलात तर पुढच्या सोमवारी तिथेच पुन्हा संधी. पण या सोयीत एक सापळा आहे. १५ गुणांची स्पर्धा वर्षात दहा वेळा जिंकली, आणि ते फार अवघड आहे, तरी १५० गुण होतात. १०० गुणांच्या दोन चॅलेंजर जिंकल्या तर २००. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत जाण्यासाठी साधारण अडीचशेच्या आत यावे लागते. तळातच मुक्काम केला तर ते दार दिसत राहते, उघडत नाही. वर गेले तर पहिल्याच फेरीत हरून दोन आठवड्यांचे पैसे बुडण्याची भीती. किती हार परवडेल, हाच खरा प्रश्न असतो. आणि तो खेळापेक्षा खिशाचा प्रश्न आहे.

पुण्यात २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन ही २५० गुणांची स्पर्धा बालेवाडीत झाली. तिथे पुण्याच्या अर्जुन कढेसारख्या खेळाडूला वाइल्ड कार्डवर मुख्य फेरीत उतरता आले. घरच्या गावात मोठी स्पर्धा असण्याचा हा अर्थ. मी तिथे पात्रता फेरीचे सामने आवर्जून पाहत असे. प्रेक्षक तुरळक. हरलेला खेळाडू स्वतःची बॅग स्वतःच भरायचा आणि कोर्टाबाहेर पडता पडता मोबाइल काढायचा. तो घरी फोन करत असेल, किंवा पुढच्या आठवड्याची यादी पाहत असेल. दोन्ही गोष्टी एकच असाव्यात, असे मला वाटत राहिले.

भारतीयांच्या बाबतीत हे गणित सुमीत नागलने उघडपणे मांडले. शस्त्रक्रियेनंतर तो क्रमवारीत पाचशेच्या खाली घसरला होता. २०२३ मध्ये त्याने युरोपातल्या क्ले कोर्टवरच्या चॅलेंजर निवडल्या आणि रोम व टाम्पेरे इथे विजेतेपदे मिळवली. निवड अचूक ठरली. तरीही त्या सप्टेंबरमध्ये त्याने पीटीआयला सांगितले, की आपल्या खात्यात सुमारे ९०० युरोच उरले आहेत. वर्षाचा खर्च ८० लाख ते एक कोटी रुपये. चारच महिन्यांनी, २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरी पार करून त्याने ३१ वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला भारतीयाने हरवले ते १९८९ नंतर प्रथमच. तेव्हा रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला नमवले होते. त्या एका विजयाने नागलची १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची कमाई पक्की झाली. पाठोपाठ चेन्नईची चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरात आला. गोष्ट आनंदाची आहे. पण ९०० युरोंवर थांबलेल्या खेळाडूंची गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही.

आयटीएफने २०१३ या वर्षाचा हिशोब मांडला, तेव्हा ८,८७४ पुरुष खेळाडूंपैकी ३,८९६ जणांनी बक्षिसाचा एक डॉलरही मिळवला नव्हता. प्रशिक्षकाचा खर्च सोडून जमाखर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६ व्या आणि महिलांत २५३ व्या क्रमांकाजवळ होत होती. अशा जागी सट्टेबाज पोहोचला नाही तरच नवल. पहिल्या फेरीचे १५६ डॉलर एकीकडे, एक सेट सोडून देण्यासाठी देऊ केलेली रक्कम दुसरीकडे. अ‍ॅडम लुईस यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने २०१८ मध्ये खालच्या पातळीवरच्या या संकटाला त्सुनामी म्हटले.

त्यावर काढलेला उपाय बोलका आहे. २०१९ च्या जानेवारीत १५ हजार डॉलरच्या स्पर्धांमधले एटीपी गुण काढूनच टाकले आणि २५ हजारांच्या स्पर्धांत ते नाममात्र ठेवले. चॅलेंजरची पात्रता फेरीही चार खेळाडूंपुरती केली. पोट भरू शकेल इतक्यांनाच व्यावसायिक म्हणावे, असा विचार. शिडीच्या खालच्या पायऱ्याच काढल्या तर वर चढायचे कसे, असे खेळाडूंनी विचारले. ओरड एवढी झाली, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुण परत द्यावे लागले.

मला २०२४ पासूनचा प्रयोग अधिक शहाणपणाचा वाटतो. एटीपीने पहिल्या २५० खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली: पहिल्या शंभरांना तीन लाख डॉलर, १७५ पर्यंत दीड लाख, २५० पर्यंत ७५ हजार. कमाई कमी पडली तर फरक संघटना भरणार. सुरुवातीला ही योजना तीन वर्षांची ठरली. हमी असलेला खेळाडू पहिल्या फेरीतल्या हारेला न घाबरता वरच्या स्पर्धेत नाव देऊ शकतो, आजारी असेल तर आठवडाभर विश्रांती घेऊ शकतो. मात्र रेष २५० वर आखली आहे. २५१ व्या क्रमांकाचा खेळाडू अजूनही अडीच आठवडे आधी पसंतीक्रम भरतो, यादी लागण्याची वाट पाहतो आणि मगच सोमवारचे तिकीट काढतो.