बी जीज या गायकवृंदाच्या विक्रीतील घसरण (१९७९–१९८९) : व्यवस्थापनावरील दोषारोपाचा पुनर्विचार

प्रस्तावना

एखाद्या कलावंतसमूहाची लोकप्रियता ओसरू लागली की तिचे खापर प्रथम व्यवस्थापकाच्या माथी फोडले जाते. कलावंताची प्रतिभा आटली असे म्हणणे चाहत्यांना जड जाते आणि श्रोत्यांची अभिरुची बदलली असे म्हटले तर कोणा एका व्यक्तीकडे बोट दाखविता येत नाही. व्यवस्थापक मात्र नजरेसमोर असतो. करारपत्रांवर त्याची स्वाक्षरी असते, उत्पन्नात त्याचा वाटा असतो आणि पुष्कळदा त्याचे वर्तनही निर्दोष नसते. त्यामुळे दोषारोप सोपा होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र कारण आणि निमित्त यांत भेद केला पाहिजे.

या दृष्टीने बी जीज या विख्यात पॉप गायकवृंदाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९७८ मध्ये यशाच्या शिखरावर असलेला हा वृंद तीनच वर्षांत अमेरिकन बाजारपेठेतून जवळजवळ नाहीसा झाला. याच काळात त्याने आपल्या व्यवस्थापकाविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला होता. या दोन घटना लागोपाठ घडल्याने त्यांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह होतो. तो संबंध पुराव्याच्या कसोटीवर कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पार्श्वभूमी

बॅरी गिब (जन्म १९४६) आणि जुळे बंधू रॉबिन व मॉरिस (जन्म १९४९) यांचा जन्म आयल ऑफ मॅन येथे झाला. त्यांचे बालपण मँचेस्टरमध्ये गेले. १९५८ मध्ये हे कुटुंब ऑस्ट्रेलियास स्थलांतरित झाले. तेथे गायक म्हणून काही नाव मिळविल्यानंतर १९६७ च्या प्रारंभी ते इंग्लंडला परतले. बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांच्या संस्थेत त्या वेळी कार्यरत असलेल्या रॉबर्ट स्टिगवुड यांनी त्यांना करारबद्ध केले. त्याच वर्षी 'मॅसॅच्युसेट्स' हे त्यांचे गीत ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर पोहोचले.

स्टिगवुड हे केवळ व्यवस्थापक राहिले नाहीत. १९७३ मध्ये त्यांनी आरएसओ ही ध्वनिमुद्रिका कंपनी स्थापन केली. पुढे ते चित्रपटनिर्मितीतही उतरले. अशा रीतीने कलावंताच्या हिताचे रक्षण करणारा आणि कलावंताशी व्यापारी करार करणारा पक्ष एकच झाला. ही रचना मुळातच सदोष होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पुढील संघर्षाचे बीज तिच्यातच होते.

पहिली घसरण आणि तिचा बोध

१९७९ नंतरची घसरण ही या वृंदाची पहिली घसरण नव्हती. १९६९ मध्ये कोणते गीत मुद्रिकेच्या दर्शनी बाजूस असावे यावरून मतभेद झाले. स्टिगवुड यांनी रॉबिन यांच्या गीताऐवजी 'फर्स्ट ऑफ मे' हे बॅरी यांनी गायिलेले गीत निवडले आणि रॉबिन वृंदातून बाहेर पडले. येथे व्यवस्थापनाच्या निर्णयाने प्रत्यक्ष हानी झाली असे निःसंशय म्हणता येते. १९७० मध्ये बंधू पुन्हा एकत्र आले आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्यांचे पहिले प्रथम क्रमांकाचे गीत झाले. त्यानंतर मात्र विक्री झपाट्याने उतरली. १९७४ चा 'मिस्टर नॅचरल' हा अल्बम अमेरिकन क्रमवारीत १७८ व्या क्रमांकापर्यंतच गेला. त्याच वर्षी हा वृंद उत्तर इंग्लंडमधील बॅटली येथील करमणूक क्लबात गात होता.

या अवनतीतून त्यांना वर काढणारे व्यवस्थापन तेच होते. अरीफ मार्डिन या कुशल निर्मात्याचे साहाय्य त्यांना लाभले. एरिक क्लॅप्टन हेही स्टिगवुड यांच्याच व्यवस्थापनाखाली होते. त्यांच्या सूचनेवरून मुद्रणाचे स्थळ मायामीला हलविण्यात आले. १९७५ च्या 'मेन कोर्स' या अल्बममधील 'जाइव्ह टॉकिन' अमेरिकेत प्रथम क्रमांकावर गेले. पुढे आरएसओने वितरणव्यवस्था बदलली. त्यामुळे अटलांटिक कंपनीशी बांधलेले मार्डिन यांचे साहाय्य या वृंदास गमवावे लागले. तरीही १९७६ मध्ये 'यू शुड बी डान्सिंग' प्रथम क्रमांकावर पोहोचलेच. सारांश, व्यवस्थापन तेच असताना विक्री घसरली आणि वाढलीही. इतकेच नव्हे, तर व्यवस्थापनाचा निर्णय प्रतिकूल असतानाही ती वाढली. जे कारण दोन्ही काळांत सारखेच उपस्थित आहे, ते एकटे घसरणीचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही.

शिखर आणि कोसळणे

नोव्हेंबर १९७७ मध्ये 'सॅटरडे नाइट फीव्हर' या स्टिगवुड निर्मित चित्रपटाचा गीतसंग्रह प्रकाशित झाला. १९७८ मध्ये तो अमेरिकेत २४ आठवडे प्रथम क्रमांकावर राहिला. 'स्पिरिट्स हॅविंग फ्लोन' (१९७९) या पुढील अल्बममधील तीन गीतेही शिखरावर गेली. त्यांपैकी शेवटचे गीत जून १९७९ मध्ये तेथे पोहोचले. ते या वृंदाचे अमेरिकेतील सलग सहावे आणि एकूण नववे प्रथम क्रमांकाचे गीत होते. त्यानंतर पहिल्या दहांत प्रवेश करण्यास त्यांना १९८९ साल उजाडावे लागले.

या दोन तारखांच्या दरम्यान काय घडले? १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानात स्टीव्ह डाल या नभोवाणी निवेदकाच्या पुढाकाराने डिस्को ध्वनिमुद्रिकांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. डिस्को संगीताचा उगम कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी समुदायांच्या नृत्यगृहांत झाला होता. त्याविरुद्धच्या या रोषात त्या समुदायांविषयीचा आकसही मिसळलेला होता, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. बी जीज हे या संगीताचे जनक नव्हेत. मात्र त्याचा सर्वांत परिचित चेहरा तेच झाले होते. अनेक नभोवाणी केंद्रांनी 'बी जीज-मुक्त' शनिवार-रविवार जाहीर केले.

याच सुमारास संपूर्ण उद्योगच मंदीत सापडला. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९७८ मध्ये सुमारे ४.१ अब्ज डॉलर होती. १९७९ मध्ये ती सुमारे ३.७ अब्ज डॉलरवर आली. ऑक्टोबर १९८१ मध्ये 'लिव्हिंग आइज' हा पुढील अल्बम आला. त्यात डिस्कोचा ठेका कटाक्षाने टाळला होता. तरीही तो अमेरिकेत ४१ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही.

दाव्याचा कालानुक्रम

व्यवस्थापनाकडे बोट दाखविणारे ज्या दाव्याचा हवाला देतात, तो ऑक्टोबर १९८० मध्ये दाखल झाला. गिब बंधूंनी स्टिगवुड यांच्याकडे २० कोटी डॉलरची मागणी केली. त्यावर स्टिगवुड यांनी प्रतिदावा केला. १९८१ मध्ये प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले आणि बंधूंनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

येथे कालानुक्रम निर्णायक ठरतो. दावा दाखल झाला तेव्हा 'लिव्हिंग आइज' बाजारात येण्यास एक वर्ष अवकाश होता. म्हणजे तक्रार विक्री घटल्याची नव्हती. प्रचंड विक्रीतून आलेल्या पैशाच्या वाटपाची आणि हितसंबंधांच्या संघर्षाची ती तक्रार होती. नंतरच्या घसरणीचा पुरावा म्हणून ती वापरणे म्हणजे भरभराटीच्या काळातील भांडण दुष्काळाच्या कारणांत जमा करण्यासारखे होय. दावा मिटला म्हणून ती तक्रार निराधार ठरते असेही नाही. मात्र तिचा विषय वेगळा होता, एवढे निश्चित.

कसोटी : तीच गीते, दुसरी नावे

सामाजिक इतिहासात प्रयोगशाळेतील कसोटी क्वचितच उपलब्ध होते. येथे सुदैवाने तिच्याजवळ जाणारा पुरावा आहे. वृंदाच्या नावाने गीते खपेनाशी झाली त्याच वर्षांत गिब बंधू इतर गायकांसाठी लेखन व निर्मिती करीत होते. १९८० मध्ये बार्ब्रा स्ट्रायसँड यांचा 'गिल्टी' हा अल्बम आणि त्यातील 'वुमन इन लव्ह' हे गीत अमेरिकेत प्रथम क्रमांकावर गेले. १९८२ मध्ये प्रकाशित झालेले डिऑन वॉरविक यांचे 'हार्टब्रेकर' अमेरिकेत पहिल्या दहांत पोहोचले. १९८३ मध्ये केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन यांचे 'आयलंड्स इन द स्ट्रीम' तेथे शिखरावर पोहोचले. यांपैकी एकही ध्वनिमुद्रिका आरएसओची नव्हती, हे खरे. त्यामुळे 'चांगली कंपनी मिळाली की गीते खपली' असा प्रतिवाद संभवतो.

या प्रतिवादाचे उत्तर १९८७ मध्ये मिळते. तोवर आरएसओ इतिहासजमा झाली होती आणि हा वृंद वॉर्नर ब्रदर्सकडे आला होता. मार्डिनही परतले होते. 'यू विन अगेन' हे नवे गीत ब्रिटन आणि पश्चिम जर्मनीत प्रथम क्रमांकावर गेले. अमेरिकेत मात्र ते ७५ व्या क्रमांकावर अडले. गीत तेच, गायक तेच आणि कंपनीही तीच असताना दोन बाजारपेठांत इतके अंतर पडले. तेव्हा कारण त्या बाजारपेठांतच शोधावे लागते. डायना रॉस यांनी गायिलेले गिब बंधूंचे 'चेन रिअ‍ॅक्शन' १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिले आले, परंतु अमेरिकेत ६६ व्या क्रमांकावर थांबले. म्हणजे दुसऱ्याचे नाव हाही अमेरिकेत हमखास उपाय नव्हता, हे नमूद केले पाहिजे.

आपल्याकडील परिस्थितीशी तुलना केल्यास हाच मुद्दा अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेत डिस्कोच्या मुद्रिका फोडल्या जात होत्या. त्यानंतर वर्षभरातच, १९८० मध्ये, मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत 'कुर्बानी'मधील बिड्डू यांच्या संगीतरचनेने धूम उडवली. १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर' आला. डिस्कोविषयीचा तिटकारा सार्वत्रिक नव्हता. तो विशिष्ट समाजातील विशिष्ट काळाची प्रतिक्रिया होता.

व्यवस्थापनाचा खरा वाटा

याचा अर्थ व्यवस्थापन सर्वस्वी निर्दोष होते असा नव्हे. एका वृंदाचे नाव एका चित्रपटाशी आणि एका नृत्यशैलीशी इतके घट्ट बांधण्यात आले की त्या शैलीबरोबर ते नावही बुडणे अटळ झाले. १९७८ मधील 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' या चित्रपटात बंधूंना उतरविण्यात आले. समीक्षकांनी त्याची कठोर संभावना केली आणि त्याचा गीतसंग्रह दुकानांतून मोठ्या संख्येने परत आला. अतिप्रसिद्धीने आलेला उबग हा व्यवस्थापनाच्या धोरणाचाच परिणाम होता. मात्र या धोरणात कलावंतांचीही संमती होती आणि त्याच धोरणाने त्यांना शिखरावर नेले होते. शिवाय १९७९ ते १९८९ या काळात वृंदाने संगीतदौरा केला नाही. बंधूंनी आपली शक्ती प्रामुख्याने इतरांच्या अल्बमांसाठी वेचली. घसरणीतील हा वाटा त्यांचा स्वतःचा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, व्यवस्थापनाविरुद्धची तक्रार पैशाच्या वाटपापुरती गंभीर होती, परंतु विक्रीच्या घसरणीचे ते प्रमुख कारण नव्हे. प्रमुख कारण अमेरिकन नभोवाणी आणि श्रोतृवर्ग यांनी एका नावावर टाकलेला बहिष्कार हे होय. व्यवस्थापनाने ते नाव त्या बहिष्काराच्या वाटेत उभे केले, एवढीच त्याची जबाबदारी ठरते.

यात अभ्यासपद्धतीविषयीही एक बोध आहे. न्यायालयीन दावा कागदपत्रे मागे ठेवतो. वृत्तपत्रे त्याचे रकाने भरतात. एखाद्या केंद्राने एखादे गीत न वाजविण्याचा घेतलेला निर्णय मात्र कोठेच नोंदला जात नाही. त्यामुळे ज्याची नोंद आहे तेच कारण, असे मानण्याकडे इतिहासलेखनाचा कल होतो. रॉबर्ट स्टिगवुड २०१६ मध्ये निवर्तले. मॉरिस २००३ मध्ये आणि रॉबिन २०१२ मध्ये गेले. या वादातील बहुतेक पक्षकार आता आपली बाजू मांडू शकत नाहीत. अशा वेळी दोषाचे माप कोणाच्या पदरात किती घालावे, हे पुराव्याच्या आधारेच ठरविणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.