शिवलेली होडी

निवृत्तीनंतर कोणी बाग करतो, मी रापणीची जुनी होडी दुरुस्त करतोय. तिला खिळा नाही. फळ्या काथ्याने शिवलेल्या. वाळूवर आपटली की शिवण लवते, फळी फुटत नाही. पोर्तुगीज आल्यावर, म्हणजे 1498 नंतर, मोठ्या गलबतांत लोखंडी खिळे रुळले. लहान होड्यांत काथ्या राहिला. पण तो कुजतो, उसवून पुन्हा शिवावा लागतो. (फायबरच्या होडीला असले लाड नकोत!) नौदलाने 2025 मध्ये दाखल केलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज अजिंठ्यातल्या 5व्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधले. चित्र होते, आराखडा नव्हता. शिवायला केरळचे सुतार आणले. आमच्या होडीचे तर चित्रही नाही. म्हणून टाके उसवण्यापूर्वी एकेक वहीत काढून ठेवतोय.