रक्तवाहिनीची भिंत आणि पांढऱ्या पेशी : एका जुन्या वादाचा निर्णय

शरीरास जखम अथवा जंतुसंसर्ग झाला म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी त्या जागी जमतात. या पेशी वाहिनीच्या कडेने संथपणे गडगडत जातात, हे रुडॉल्फ वाग्नर यांनी १८३९ मध्ये नोंदविले. त्या भिंतीतून बाहेर पडतात, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८४६ मध्ये पाहिले. परंतु वाहत्या रक्तातील पेशी नेमक्या त्याच ठिकाणी का थांबतात, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

पुवातील पेशी स्थानिक ऊतकांतच जन्मतात, असे फिर्खो यांचे मत होते. त्यांच्याच बर्लिन येथील संस्थेत काम करणाऱ्या युलियुस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये त्या रक्तातून येतात असे दाखविले. पुढे दाहाचे मूळ वाहिनीच्या भिंतीतील बदलात आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. मेचनिकॉफ यांना हे मान्य नव्हते. तारामाशाच्या डिंभात रक्तवाहिन्या नसतानाही भक्षक पेशी काट्याभोवती गोळा होतात, हे त्यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे पाहिले होते. म्हणून कर्तृत्व पेशीचे, भिंतीचे नव्हे, असा त्यांचा पक्ष होता. दोन्ही पक्षांजवळ निरीक्षण होते. पेशी आणि भिंत यांना जोडणारा दुवा मात्र कोणाहीजवळ नव्हता.

तो दुवा प्रथम लसीकाग्रंथींच्या अभ्यासात दृष्टीस पडला. रक्तातील लसीकापेशी फुगीर पेशींचे अस्तर असलेल्या बारीक शिरांतून ग्रंथीत शिरतात, हे गोवन्स व नाइट यांनी १९६४ मध्ये सिद्ध केले. १९७६ मध्ये स्टँपर व वुड्रफ यांनी गोठवून कापलेल्या ग्रंथीच्या चकत्यांवर लसीकापेशी सोडल्या, तेव्हा त्या नेमक्या याच शिरांना चिकटल्या. ऊतक निर्जीव असूनही ओळख पटत होती. अर्थात ती पृष्ठभागावरील रेणूंत होती.

या रेणूंचे महत्त्व प्रयोगशाळेपेक्षाही रुग्णालयात अधिक कठोरपणे प्रत्ययास आले. काही अर्भकांची नाळ गळून पडण्यास विलंब होई, संसर्ग वारंवार होत आणि रक्तात पांढऱ्या पेशींची रेलचेल असूनही जखमेत पू धरत नसे. सैन्य होते, पण ते वाटेतच अडकले होते. या पेशींवर इंटिग्रिन नामक प्रथिनांचा एक सामाईक घटक नसतो, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. १९९२ मध्ये वर्णिलेल्या दुसऱ्या प्रकारात सिलेक्टिन ज्या शर्करेस ओळखते, ती शर्कराच पांढऱ्या पेशींवर नव्हती.

सिलेक्टिन हे नावही लक्षात घेण्याजोगे आहे. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी निरनिराळ्या नावांनी शोधलेली तीन प्रथिने एकाच कुळातील आहेत, हे १९८९ मध्ये त्यांच्या रचनेवरून कळले. तेव्हा शर्करा ओळखणाऱ्या 'लेक्टिन' या वर्गनामास निवडीचा अर्थ जोडून हे कुलनाम रूढ झाले. नाव एक होताच कार्यातील साम्यही उघड झाले.

१९९१ मध्ये लॉरेन्स व स्प्रिंगर यांनी कृत्रिम पटलावर रेणू बसवून त्यावरून पेशींचा प्रवाह सोडला. केवळ सिलेक्टिन असता पेशी गडगडत राहिल्या. इंटिग्रिनला धरून ठेवणारा रेणूही तेथे असून पेशी उद्दीपित झाल्या, तेव्हाच त्या स्थिर झाल्या. अशा रीतीने वाग्नर यांच्या निरीक्षणाचा उलगडा झाला. दाहाच्या जागी भिंत आपले रेणू प्रकट करते, येथे कोनहाइम खरे ठरतात. पेशी उद्दीपित होऊन घट्ट पकड घेते व बाहेर पडते, येथे मेचनिकॉफ.

या ज्ञानाचा उपयोग औषधात झाला, तेव्हा त्याची दुसरी बाजूही दिसली. बहुविध काठिण्य या मज्जासंस्थेच्या रोगात लसीकापेशींचा मेंदूतील प्रवेश रोखणारे नॅटालिझुमॅब अमेरिकेत नोव्हेंबर २००४ मध्ये संमत झाले. परंतु काही रुग्णांच्या मेंदूत एरवी सुप्त असणाऱ्या विषाणूने घातक रोग निर्माण केल्यामुळे फेब्रुवारी २००५ मध्ये ते मागे घेण्यात आले व २००६ मध्ये कडक अटींवर परत आले. जे द्वार रोगकारक पेशींना बंद केले, तेच रक्षक पेशींचेही द्वार होते. रक्तवाहिनीची भिंत ही केवळ नळी नसून प्रतिकारयंत्रणेचेच एक अंग आहे, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.