घोडेस्वारांच्या कथा लिहिणारा कवी



या शाळेत शिकत असताना भूगोलाच्या पुस्तकाआड दडवून मी मॅक्स ब्रँडची एक जीर्ण इंग्रजी कादंबरी वाचत होतो. गुरुजींनी ती काढून घेतली आणि ‘पोटभरू लेखन!’ एवढाच अभिप्राय दिला. त्या अभिप्रायाचा विचार मी आयुष्यभर करीत आलो आहे.

मॅक्स ब्रँड हे टोपणनाव. खरे नाव फ्रेडरिक फाउस्ट. १८९२ साली सिएटलला जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला आणि कॅलिफोर्नियात शेतांवर व गुरांच्या मळ्यांवर राबून वाढला. बर्कलीच्या विद्यापीठात तो शिकला, परंतु पदवी मिळाली नाही. त्याला व्हायचे होते कवी. ग्रीक पुराणकथांचे त्याला वेड होते. पोटासाठी मात्र १९१७ पासून त्याने स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांत, शब्दांच्या हिशेबाने मिळणाऱ्या मोबदल्यावर, कथा लिहिल्या. एकाच अंकात अनेक टोपणनावांनी तो हजर असे. अमेरिकेच्या माळरानावरील या शूरकथा त्याने वर्षानुवर्षे इटलीतील फ्लॉरेन्सला राहून लिहिल्या. त्याच्या एकूण लेखनाचा अंदाज अडीच ते तीन कोटी शब्दांचा आहे.

स्वतःचे नाव त्याने कवितेसाठी राखून ठेवले. १९२२ व १९३१ साली निघालेले त्याचे काव्य आज कोणी वाचत नाही. उलट ‘द अनटेम्ड’मधील रानहंसांच्या सादेने घर सोडणारा डॅन बॅरी, किंवा ‘डेस्ट्री राइड्स अगेन’मधील, निरपराध असता तुरुंगात गेलेला व आपल्याला दोषी ठरविणाऱ्या बारा पंचांवर सूड उगवण्याची प्रतिज्ञा करणारा नायक, हे ग्रीक वीरांचेच वंशज वाटतात. कवितेत जे त्याला साधले नाही, ते त्याने तुच्छ मानलेल्या लेखनात उतरले.

१९४४ साली हृदयविकार असूनही तो युद्धवार्ताहर म्हणून इटलीच्या आघाडीवर गेला आणि १२ मे रोजी सांता मारिया इन्फान्ते येथे मारला गेला. त्याच इटलीच्या मोहिमेत बेळगावात केंद्र असलेल्या मराठा पलटणींचे जवान लढत होते. दोनच महिन्यांनी, १० जुलैला, नाईक यशवंत घाडगे यांना तेथे वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

गुरुजी आज हयात असते, तर मी नम्रपणे म्हटले असते: लेखन पोटासाठी होते, हे खरे, पण त्यात त्या माणसाने आपला जीव ओतला होता. कोणत्या कामात आपले उत्तम उतरेल, हे करणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून कोणतेच काम हलक्या हाताने करू नये, एवढेच या स्मृतिदिनी आपणांस सांगावेसे वाटते.