चार लाख वीस हजार

मांजरांना इतिहास असतो, पण मांजरं तो वाचत नाहीत. म्हणूनच बहुधा ती दुपारी इतकी गाढ झोपू शकतात. सायप्रस बेटावर एका माणसाच्या शेजारी पुरलेलं मांजर सापडलं आणि ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं आहे, असं फ्रेंच संशोधकांनी २००४ साली जाहीर केलं. म्हणजे मांजर माणसाच्या घरात शिरल्याला निदान तेवढी वर्षं झाली. त्यातली शेवटची शंभरएक सोडली, तर घरच्या मांजरीला किती पिल्लं व्हावीत हा प्रश्न तिने आणि गल्लीतल्या बोक्यांनी आपसात मिटवला. माणसाने त्यात तोंड घातलं नव्हतं.

आता माणसाला तोंड घालावंच लागतं. आमची ठकी सात महिन्यांची झाली आणि एका रात्री तिने जो सूर लावला, तो ऐकून खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी बाळाला ग्राइप वॉटर द्या, असं सांगायला वर आले. आमच्या घरातलं सर्वांत लहान बाळ बावन्न वर्षांचं आहे आणि ते म्हणजे मी. ठकी माजावर आली होती. गाईम्हशींचा माज आपल्याला ठाऊक असतो, पण मांजरीचा हिशेब निराळा. गाय ठरल्या दिवशी माजावर येते, तो चुकला की पुढच्या खेपेपर्यंत गप्प बसते. मांजरीच्या पोटातलं बीज बोका भेटल्यावरच सुटतं. त्यामुळे तिची गाडी सहसा चुकतच नाही. बोका भेटला नाही, तर दोनतीन आठवड्यांत पुन्हा तोच राग, तोच ताल. भेटला तर नऊ आठवड्यांत चारपाच पिल्लं, आणि त्यांचे वडील एकच असतील अशीही खात्री नाही. निसर्गाने हे यंत्र उंदरांचा विचार करून बनवलं असावं, सोसायटीचा नव्हे.

"ऑपरेशन करून टाकू," ही म्हणाली.

आमच्या घरात आत्या आहे. वय अठ्ठ्याऐंशी, दात स्वतःचे, मतंही स्वतःची. तिने माळ खाली ठेवली. "मांजर म्हणजे षष्ठीदेवीचं वाहन. जी देवी लेकरं देते, तिच्याच वाहनाची नसबंदी? आणि विचारलंत का तिला?"

ठकीला विचारण्याची सोय नव्हती. म्हणून मी आकडे काढले. एक मांजर आणि तिची पिल्लावळ मिळून सात वर्षांत चार लाख वीस हजार मांजरं होतात, असं जगभरच्या पत्रकांत छापलेलं आढळतं. आत्याने तो आकडा दोनदा म्हणायला लावला आणि विचारलं, "चारशेवीस का रे?" गंमत म्हणजे म्हातारीचा वास बरोबर होता. अमेरिकेतल्या गणितज्ञांनी हा हिशेब पुन्हा मांडला, पिल्लं मरतात, भुकेने जातात, गाडीखाली येतात हे धरलं, तेव्हा सात वर्षांचा आकडा शंभर ते चारशेच्या आसपास आला. पण आमचं घर दोन खोल्यांचं. चारशेसुद्धा आम्हाला जड जाणार होती.

या शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र ठकीपेक्षा फार थोर आहे. ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने डुकरिणीचं अंडाशय कसं काढतात ते लिहून ठेवलंय. तिला दोन दिवस उपाशी ठेवायचं, मागच्या पायांना धरून उलटं टांगायचं आणि कापायचं. युद्धावर न्यायच्या सांडणींनाही हाच प्रसाद मिळे. या थोर माणसाने जगातल्या बहुतेक विषयांवर लिहिलं, मग डुकरिणीनेच काय घोडं मारलं होतं! पण यात एक मेख आहे. डुकरीण जाड व्हायला हवी आणि सांडणी लढायला हवी, म्हणून त्यांच्यावर सुरी चालली. मांजर जाड झालं तरी कुणी खात नाही आणि लढाईवर न्यावं, तर ते वाटेतच एखाद्या ऊबदार खोगिरावर झोपेल. जिच्यापासून पैसा नाही, तिच्या पोटाचा विचार कोण करतो?

युरोपात पुढे डुकरं खच्ची करणाऱ्यांचा धंदाच झाला. इंग्लंडात ही मंडळी शिंग फुंकत गावोगाव हिंडत. आपल्याकडे कल्हईवाला ओरडत येई, तसंच. स्वित्झर्लंडमधल्या याकोब नूफर नावाच्या अशाच एका इसमाने सन १५०० च्या सुमारास अडलेल्या बायकोचं पोट स्वतः फाडून मूल बाहेर काढलं आणि बायको जगली, अशी एक कथा सांगतात. ती बऱ्याच वर्षांनंतर लिहिली गेली, म्हणून इतिहासकार तिच्यावर मान हलवतात. हलवोत. त्या बायकोला विचारून केलं का, हे कथेत नाही.

खात्रीची कथा हवी, तर ती अमेरिकेतल्या केंटकीची आहे. १८०९ च्या नाताळात डॅनव्हिल गावी डॉ. इफ्रेम मॅक्डॉवेलने जेन टॉड क्रॉफर्ड या बाईच्या पोटातून साडेबावीस पौंडांची अंडाशयाची गाठ काढली. भूल नव्हती, कारण भुलीचा शोधच लागला नव्हता. बाई साठ मैल घोड्यावर बसून आलेली. पंचवीस मिनिटं कापाकापी चालली आणि ती तेवढा वेळ स्तोत्रं म्हणत होती. पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेला, तर ही स्वतःचं अंथरूण आवरत उभी! त्यानंतर ती बत्तीस वर्षं जगली. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "अंथरूण तरी दुसरं कोण आवरणार होतं?"

त्यानंतरची गाडी भरधाव आहे. १८४६ त बॉस्टनला मॉर्टनने ईथरची भूल जगजाहीर केली, १८४७ त एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला आणि १८६७ साली लिस्टरने कार्बॉलिक ॲसिडने जखमा धुऊन दाखवल्या. माणसाचं पोट उघडणं म्हणजे मरण, हे समीकरण मोडलं. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि १८८६ साली तिथे पशुवैद्यकाचं कॉलेजही निघालं. पण तो काळ ट्राम ओढणाऱ्या घोड्यांचा आणि गाडीला जुंपलेल्या बैलांचा. दारात मांजर घेऊन कुणी उभं राहिलं असतं, तर त्याला माणसांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं, तेही डोक्याच्या.

मग मांजराचा नंबर लागला कसा? माझं मत असं, की त्याचं बरंचसं श्रेय मुलतानी मातीला जातं. १९४७ साली मिशिगनच्या एडवर्ड लो नावाच्या गृहस्थाने एका शेजारणीला मांजराच्या खोक्यात घालायला राखेऐवजी मुलतानी माती दिली. आपल्याकडच्या बायका तोंडाला लावतात तीच. मातीने ओल आणि वास दोन्ही शोषले आणि लोने पिशव्या भरून विकायला सुरुवात केली. तोवर मांजर रात्री बाहेर आणि दिवसा घरात होतं. आता ते चोवीस तास घरात राहिलं आणि घरात राहिलं म्हणजे त्याचा माजही घरात आला. कानाशी गाणं सुरू झाल्यावर माणसाने चाकू शोधला. १९७१ त लॉस एंजलिस शहराने सरकारी खर्चाने स्वस्तात कुत्र्यामांजरांची ऑपरेशनं करणारा दवाखाना काढला. त्या सुमारास आपल्याकडे लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर होता, पण तो माणसांसाठी.

आणि त्याआधी मांजरीच्या वेतांचं काय होत असे? याचा इतिहास कुणी लिहीत नाही, पण वाड्यात वाढलेल्या प्रत्येकाला तो पाठ आहे. डोळे न उघडलेली पिल्लं पोत्यात भरायची, पोत्याचं तोंड सुतळीने बांधायचं आणि नोकराच्या हाती द्यायचं. सभ्य घरांत ‘मंडईत सोडून आला’ असं म्हणत. मंडईपेक्षा नदी जवळ होती. इकडे मांजरी तीनचार दिवस वाडाभर ओरडत फिरे, सात घरं हुंगून येई. ऑपरेशन क्रूर आहे म्हणणाऱ्यांनी आधी त्या पोत्याबद्दल बोलावं, असं मला वाटतं. आत्याने त्या पोत्याची सुतळी बांधली होती. हे तिनेच सांगितलं आणि त्यानंतर तिने षष्ठीदेवीचं नाव काढलं नाही.

ठकीला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलं. (ॲरिस्टॉटलच्या दोन दिवसांवरून आपण एका रात्रीवर आलो आहोत. भुलीत उलटी होऊन ती श्वासनळीत जाऊ नये, यासाठी हा उपास.) डॉक्टरीणबाई तरुण होत्या. इंग्रजी परंपरेत मांजरीची चीर डाव्या कुशीवर घेतात, अमेरिकन परंपरेत पोटाच्या मधोमध, अशी माहिती त्यांनी दिली. सयामी मांजराच्या कुशीवरचे केस भादरले, तर थंडीने तिथे काळपट ठिगळ उगवतं, असंही म्हणाल्या. ठकी मुळातच तिरंगी. ठिगळांची तिला सवय होती.

संध्याकाळी ती घरी आली ती डोळे सताड उघडे ठेवून आणि अंग ओल्या टॉवेलसारखं लुळं. आत्याने एक नजर टाकली आणि तुळशीचं पान शोधायला उठली. पण ही केटामिनची करामत होती. हे औषध अमेरिकेत १९६२ साली तयार झालं, व्हिएतनामच्या लढाईत जखमी सैनिकांना दिलं गेलं आणि मांजरांवरही चालू लागलं. या भुलीत डोळे मिटत नाहीत. म्हणून बुबुळं सुकू नयेत यासाठी त्यात मलम घालतात. त्यामुळे ठकी आमच्याकडे बघत होती, पण आम्ही तिला दिसत नव्हतो. एरवीही ती आमच्याकडे अशीच बघते.

डॉक्टरांनी दिलेला कागद मी फ्रिजवर लावला. जमिनीवरच ठेवा, पलंगावर नको, कारण भूल उतरताना मांजराला उडी आठवते पण पाय आठवत नाहीत. ऊब द्या, अंग गार पडतं. नीट शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू नका. मातीच्या खोक्यात काही दिवस वर्तमानपत्राचे कपटे घाला, माती टाक्यांना चिकटते. चाटू देऊ नका, दहाबारा दिवस उड्या नकोत, टाके रोज बघा. चोवीस तासांत जेवली नाही तर फोन करा. आणि सर्वांत खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: क्रोसिन नाही, डेटॉल नाही.

रात्री अकराच्या सुमाराला ठकी कण्हायला लागली आणि आत्या पेल्यात पाव गोळी क्रोसिन विरघळवताना हिला सापडली. वेळेवर सापडली, कारण पॅरासिटामॉल मोडून बाहेर टाकण्याची जी यंत्रणा आपल्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. आपला ताप उतरवणारी एक गोळी मांजराचं रक्त नासवून त्याला मारू शकते. डेटॉलचंही तसंच, आणि ज्या कार्बॉलिकने लिस्टरने लाखो माणसं वाचवली, ते मांजराला विषच. माणसाच्या वैद्यकाचा सगळा गौरवशाली इतिहास मांजराला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्या पेल्यामुळे घरात सर्वांना नीट समजलं. डॉक्टरांना फोन केला. दुखण्याचं इंजेक्शन टोचलंय, ही कुरकूर भुलीची आहे, हिरड्या गुलाबी आहेत ना बघा, असं त्या म्हणाल्या. होत्या.

आत्याने पेला मोरीत ओतला आणि ठकीशेजारी चटई टाकली. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी जमिनीवर. मी उठवायला गेलो तर म्हणाली, "विचारलंत का तिला, असं म्हटलं मी त्या दिवशी. आमच्या आईला तरी कुणी विचारलं होतं? नऊ वेळा." नववं बाळंतपण १९४८ चं. माझी आजी त्यात गेली, एवढं मला माहीत होतं. हे मात्र नव्हतं, की तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ‘समाजस्वास्थ्य’चे दोन अंक निघाले होते. र. धों. कर्व्यांचं ते मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत निघत होतं आणि त्यांनी संततिनियमनाचं केंद्र मुंबईत १९२१ सालीच उघडलं होतं. लोक त्यांना काय काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. "आजोबांनी ते अंक बंबात घातले," आत्या म्हणाली. "पाणी चांगलं तापलं होतं." आणि तिने ठकीच्या अंगावरची शाल सारखी केली.

पहाटे चारला ठकी उठली, तीन पावलं चालली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सकाळी दोन चमचे उकडलेली कोंबडी खाल्ली. घरात पूर्वी जे कधी शिजलं नव्हतं, ते त्या दिवशी शिजलं. आत्याने नाकाला पदर लावून फुंकर घातली.

पुढचे दिवस प्लॅस्टिकच्या कोनाचे. डॉक्टर त्याला एलिझाबेथन कॉलर म्हणतात, इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथच्या काळात गळ्याभोवती तशा चुणीदार झालरी घालत म्हणून. राणीने लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, १६०३ साली वारली आणि तिचं नाव जगभरच्या नसबंदी झालेल्या मांजरांच्या गळ्यात अडकलं. ठकीने हा राजमुकुट प्रत्येक दाराच्या चौकटीवर आपटून घरातला पोपडा काढला. बाराव्या दिवशी टाके निघाले. बोका आणखी महिनाभर कठड्यावर येऊन बसे. मग कुलकर्ण्यांच्या गॅलरीकडे त्याने मोर्चा वळवला.

आता घरात वाद आहे तो जेवणाचा. ऑपरेशननंतर मांजराची गरज कमी होते, भूक मात्र वाढते, तेव्हा पाव हिस्सा कमी घाला, असं डॉक्टरांनी बजावलंय. आत्या म्हणते, मी रोज मोजून एकच वाटी घालते. ते खरं आहे. वाटी तिने बदलली आहे.