पोलादी खिडकी आणि गोठलेले भाडे

मुंबईतील मरीन ड्राइव्हवरच्या जुन्या इमारतींकडे नीट पाहिले, तर एकाच मजल्यावर दोन काळ शेजारी नांदताना दिसतात. एका घराला बारीक पोलादी चौकटीची, लहान काचांची, बाहेर उघडणारी खिडकी. शेजारच्या घराला जाड ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. हा फरक केवळ आवडीनिवडीचा नाही. त्यामागे एका कायद्याची दीर्घ छाया आहे.

आरंभ मात्र दूरवरचा. इंग्लंडच्या एसेक्समधील ब्रेनट्री येथे १८८४ मध्ये फ्रान्सिस हेन्री क्रिटल याने धातूच्या खिडक्या घडवण्यास सुरुवात केली. पहिल्या महायुद्धानंतर घरबांधणीची निकड वाढली आणि ठरावीक मापांच्या पोलादी खिडक्या कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या. १९२६ पासून क्रिटलच्या कंपनीने कामगारांसाठी सिल्व्हर एंड हे गाव वसवले. तिथली सपाट छपरांची घरे म्हणजे कंपनीच्या मालाची राहती जाहिरातच होती.

१९३० च्या दशकात मुंबईत बॅकबेच्या भरावावर आर्ट डेको इमारती उभ्या राहत होत्या. आरसीसीच्या सांगाड्यामुळे इमारतीचा भार भिंतींवरून खांबांवर गेला, आणि ऐन कोपऱ्यात दोन्ही बाजूंना वळणारी खिडकी बसवणे शक्य झाले. पोलादाची पट्टी लाकडापेक्षा कितीतरी बारीक. ती पावसाळ्यात फुगत नाही आणि तिला वाळवीही लागत नाही. झडपा पूर्ण उघडल्या की समुद्राचा वारा थेट घरात. वर इमारतीच्या भुवयांसारखे लांब छज्जे ऊन-पाऊस अडवत.

पण खाऱ्या हवेत पोलादाला रंगाचे कवच सतत लागते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक पोलादी खिडक्यांवर जस्ताचा मुलामा नव्हता. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी पट अधिक जागा व्यापतो. त्यामुळे चौकट फुगते, तावदान तडकते आणि भोवतीचा गिलावाही फुटतो. वेळच्या वेळी खरवडून रंग दिला, तर हे सारे टळते.

तो रंग द्यायचा कोणी? बहुसंख्य घरे भाड्याची होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवले. त्या दिवशी यांतील कित्येक इमारतींना पुरती पाच वर्षेही झाली नव्हती. फाळणीच्या आणि टंचाईच्या काळात भाडेकरूला आधार देणारा हा कायदा अन्याय्य म्हणता येणार नाही. पण तात्पुरता म्हणून आलेला उपाय पन्नास वर्षे टिकला. दुरुस्तीची जबाबदारी मालकाची, उत्पन्न मात्र १९४० चे. मालकाने हात आखडता घेतला आणि दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च कशाला, असे भाडेकरूला वाटले. खिडकी कोणाचीच राहिली नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी अवाजवी ठरवल्या आणि १९९९ चा नवा कायदा आला. तोवर पोलादावरून अनेक पावसाळे गेले होते.

मग सरकती ॲल्युमिनियम खिडकी आली. ती गंजत नाही, तिला रंग लागत नाही, बसवून घेणेही सोपे; थकलेल्या रहिवाशाने ती निवडली यात नवल नाही. मात्र दोन झडपांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. वाऱ्यासाठी आखलेल्या खोलीत मग पंखा आणि वातानुकूलन यंत्र यांचे राज्य सुरू होते.

३० जून २०१८ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यात ९४ इमारती आहेत. जुनी खिडकी काढावी की दुरुस्त करावी, हा प्रश्न आता एका घरापुरता उरलेला नाही.

दुरुस्ती कष्टाची असली तरी अशक्य नाही. रंगाचे थर काढावे लागतात. त्या काळच्या रंगात शिसे असण्याचा संभव मोठा, म्हणून ते कोरडे घासून धूळ उडवणे धोक्याचे. कुजलेला तुकडा कापून तिथे नवे पोलाद वेल्डिंगने जोडतात, जस्तयुक्त प्राइमर देतात, काच नव्या पुट्टीत बसवतात. हे काम करताना पुष्कळदा एक गोष्ट ध्यानात येते. वाकली म्हणून टाकून द्यायला काढलेली झडप मुळात वाकलेली नसतेच. वर्षानुवर्षे एकावर एक चढलेल्या रंगाच्या थरांमुळे ती चौकटीत बसत नसते. थर उतरले की ती पुन्हा मूळच्या जागी मिटते.